शोकेसमधलं मिग



आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये वरच्या कप्प्यात श्रवणबेळगोळहून आणलेले बाहुबली आहेत, मधल्या कप्प्यात नातवंडांचे फोटो आणि खालच्या कप्प्यात गेल्या दिवाळीपासून एक लढाऊ विमान. मिग-२१. धातूचं, काळ्या स्टँडवर उभं, पंखांवर तिरंगी चक्र. घरी येणाऱ्यांपैकी निम्मे लोक "नातवाचं का?" असं विचारतात. मंडळातल्या एका ताईंनी मात्र सरळच विचारलं, "अहो, जैनाच्या घरात हे कशाला?" प्रश्न चांगला होता. चहाचा कप हातात धरून दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा नव्हता, म्हणून लिहायला बसले.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. याला डाय-कास्ट मॉडेल म्हणतात. पोलादाच्या साच्यात वितळलेला धातू दाब देऊन भरतात, म्हणून डाय-कास्ट. आपली मुलं पूर्वी खेळायची त्या छोट्या धातूच्या मोटारी याच पद्धतीच्या. धातू म्हणजे मुख्यतः जस्त. त्यात साधारण चार टक्के अॅल्युमिनियम आणि थोडं मॅग्नेशियम नि तांबं. ४०० अंशांच्या आतच हे मिश्रण वितळतं, साच्याच्या बारीकसारीक रेघांत शिरतं आणि थंड झालं की त्या रेघा जशाच्या तशा उमटतात. पत्र्यांचे जोड, झाकणांच्या कडा, सगळं दिसतं. चक्रं आणि आकडे चिकटवलेले नसतात. सिलिकॉनच्या मऊ गादीवर शाई उचलून ती हलकेच दाबतात. भिंग घेऊन पाहिलं तर शेपटीवरचे तांदळाएवढे आकडेही वाचता येतात.

प्रमाण एकास बहात्तर. हा बहात्तर आकडा मला आधी विचित्र वाटला. शंभर का नाही, पन्नास का नाही? मग कळलं, हा फूट-इंचांचा हिशेब आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच, म्हणजे सहा फुटी माणूस बरोब्बर एका इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धात आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे ओळखायला शिकवण्यासाठी याच प्रमाणातली मॉडेल्स वापरत. खऱ्या मिगच्या पंखांची रुंदी सव्वासात मीटरला थोडी कमी, मॉडेलची दहा सेंटिमीटरला थोडी कमी. लांबी वीस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या चपाती लाटायच्या पोळपाटावर मावेल एवढं.

हिशेबाची खोड जात नाही, म्हणून वजनाचाही हिशेब केला. खरं मिग रिकामं असताना साडेपाच टनांच्या आसपास. लांबी, रुंदी, उंची तिन्ही बहात्तरपट कमी झाली, म्हणजे वजन बहात्तर गुणिले बहात्तर गुणिले बहात्तर, ३,७३,२४८ पट कमी व्हायला हवं. भागाकार येतो पंधरा ग्रॅमच्या आत. दोन बदामांच्या लाडवांतली साखर! आणि मी लाडवांचं साहित्य मोजते त्या काट्यावर आमचं विमान ठेवलं तर दोनशे ग्रॅमच्या वर भरलं. खरं विमान आतून पोकळ असतं आणि हलक्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं असतं. हे मात्र जवळजवळ भरीव जस्त. त्यामुळे हातात घेतलं की दिसण्यापेक्षा जड लागतं. यांना ते फार आवडलं. "जड पाहिजेच," म्हणाले.

आता 'हे' आणि मिग यांचा संबंध सांगायलाच हवा. आमच्या यांची सगळी नोकरी नाशिकजवळ ओझरला गेली. मिग विमानं बनवण्यासाठी १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तिथला विभाग निघाला. विमानाचा सांगाडा ओझरला बने, इंजिन ओरिसातल्या कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. हे लागले तेव्हा मिग-२१ ची 'बिस' नावाची शेवटची जात बनत होती. पुढे मिग-२७ आली, मग जुन्या विमानांची दुरुस्ती, मग बिसची बायसन करण्याचं काम आणि शेवटी सुखोई. मी सांगलीची. बी.कॉम. होऊन लग्न करून आले तेव्हा माहेरी सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की जावई सरकारी विमानाच्या कारखान्यात आहेत. आमच्या आजींनी विचारलं होतं, "प्रवासी बसतात का त्यात?" यांनी खरं उत्तर दिलं, "एकच बसतो, आजी." आजी म्हणाल्या, "मग भाडं किती पडत असेल!"

लढाऊ विमान बनवणं हा जैन श्रावकाला शोभणारा धंदा आहे का, हा प्रश्न आम्ही दोघांनी लग्नानंतर पहिल्याच चातुर्मासात एका महाराजांना विचारला होता. त्यांनी आम्हाला हिंसेचे चार प्रकार पुन्हा समजावून सांगितले. ठरवून, मारण्याच्या हेतूनं केलेली ती संकल्पी. चूल, जातं, झाडलोट यांत होते ती आरंभी. पोटापाण्याच्या व्यवसायात होते ती उद्योगी. स्वतःचं, घराचं, देशाचं रक्षण करताना होते ती विरोधी. मुनींना चारही वर्ज्य. गृहस्थानं पहिली पूर्ण सोडायची आणि उरलेल्या तीन जितक्या कमी करता येतील तितक्या करायच्या. विमान बनवणं कुठल्या खान्यात बसतं? बनवणाऱ्यासाठी उद्योगी, उडवणाऱ्यासाठी विरोधी, असं ते म्हणाले. आणि वर एक वाक्य टाकलं, ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं होतं. खाना बदलला म्हणून कर्म बांधायचं राहत नाही, फक्त कमी-जास्त बांधतं.

हे मला पटलं, कारण जमाखर्चात तसंच असतं. खर्च कुठल्याही शीर्षकाखाली टाका, पैसे गेलेले असतातच.

आपल्या परंपरेत शस्त्र धरणारे कमी नाहीत. शोकेसमधले बाहुबली ज्यांची प्रतिकृती आहेत ती ५७ फुटांची मूर्ती घडवून घेणारे चामुंडराय गंग राजांचे सेनापती होते. लढाया मारलेला माणूस. तिथे मूर्तीच्या पायाशी त्यांच्या नावाची मराठी ओळ कोरलेली आहे, मराठीतल्या अगदी जुन्या कोरीव लेखांत ती गणतात. आणि खुद्द भरत-बाहुबलींची कथा तर युद्धाचीच. फक्त मंत्र्यांनी मधे पडून सांगितलं की दोघा भावांच्या भांडणात सैन्य कशाला मरायला पाहिजे, म्हणून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध असं तिघांवर निभावलं. (त्या मंत्र्यांची नावं कुणाला पाठ नसतात. मला वाटतं, ती असायला हवी होती.)

पण यांचा प्रश्न वेगळाच असायचा. नाशिक जिल्ह्यातलंच मांगीतुंगी. तिथून रामचंद्र मोक्षाला गेले असं आपण मानतो. आपल्या पुराणात रावणाला राम मारत नाहीत, लक्ष्मण मारतात. राम बलभद्र, ते मोक्षाला जातात. चक्र चालवणारे लक्ष्मण नारायण, त्यांना नरकगती भोगावी लागते. मांगीच्या पायऱ्या चढताना हे एकदा मधेच थांबले. मला वाटलं दम लागला. म्हणाले, "चक्र चालवणाऱ्याचं सांगितलंय. चक्राला धार लावणाऱ्याचं काही सांगितलंय का गं?" मला आठवेना. अजूनही असं कुठे वाचनात आलेलं नाही.

हा प्रश्न शत्रूपक्षाच्या माणसांसाठी होता असं तुम्हाला वाटेल. तसाही असेल. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर मिग-२१ नीच हल्ला केला, गव्हर्नरांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि दोन दिवसांत शरणागती झाली, हे हे अभिमानानं सांगतात. पण यांच्या जिवाला खरा घोर असायचा तो आपल्याच पोरांचा. मिग पडायची. १९८० नंतरचे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणाला हे सांगायला नको. २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत आकडे दिले होते. मिग जातीची ८७२ विमानं घेतली, त्यांतली ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक मेले. 'उडती शवपेटी' हा शब्द पेपरवाल्यांनी तेव्हा इतका वापरला की आमच्या कॉलनीत पेपर उघडताना लोक मथळा न वाचता आत जायचे.

कारणं अनेक असतात, एकाच ठिकाणी बोट ठेवता येत नाही. एकच इंजिन, ते बंद पडलं की दुसरं नाही. त्रिकोणी आखूड पंख, त्यामुळे उतरताना वेग तासाला ३०० किलोमीटरच्या वर. पक्षी धडकतात. धुकं असतं. आणि नवशिक्या पोरांना मधल्या पायरीचं चांगलं प्रशिक्षण विमान नव्हतं. ब्रिटिश बनावटीचं हॉक आलं ते २००८ साली. तोवर साध्या विमानावरून थेट मिगवर. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी पन्नास पानांच्या पंगतीचा स्वयंपाक सांगितल्यासारखं ते होतं, असं मी म्हणायची. हे हसायचे नाहीत.

बातमी आली की हे पहिलं विचारायचे ते नंबर. कुठे पडलं, कोण होतं, वाचला का, हे नंतर. नाही, नंतर नाही. 'वाचला का' हे नंबरच्या बरोबरच यायचं, एका श्वासात. पण नंबर लागायचाच. यांचं काम तपासणीचं. ज्या विमानांच्या कागदांवर यांची सही होती त्यांचे नंबर यांना पाठ होते. कुणी पाठ करायला सांगितलं नव्हतं. मला शंभरेक लग्नांतल्या जेवणाच्या पानांचे दर पाठ आहेत तसंच हे, असं मी स्वतःशी म्हणत असे. सोबतच्या कुणाचा तरी संध्याकाळी फोन यायचा आणि नंबर कळायचा. बहुतेक वेळा तो यांच्याकडून गेलेला नसायचा. तरी त्या दिवशी सूर्यास्ताआधी यांचं जेवण व्हायचं नाही. आणि आपल्यात सूर्यास्तानंतर जेवायचं नाही, म्हणजे उपाशीच. मी ताट वाढून झाकून ठेवायची, साडेसहाला काढून घ्यायची. एकदा मात्र नंबर यांच्या सहीचा निघाला. वैमानिक गेला होता, चोविसेक वर्षांचा. विमान यांच्या हाताखालून जाऊन कितीतरी वर्षं झालेली, मधे आणखी कुठे कुठे दुरुस्त्या झालेल्या. अपघाताचं कारण काय निघालं ते यांच्यापर्यंत कधी आलं नाही, येण्याचा रस्ताच नसतो. त्या रात्री सामायिकाला बसले ते अठ्ठेचाळीस मिनिटं संपली तरी उठले नाहीत. मी घड्याळ बघून सोडून दिलं.

ही गोष्ट आमच्या मुलांनाही नीट माहीत नव्हती. आता माहीत आहे, आणि ती या मॉडेलमुळे.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ साली पहिलं आलं तेही चंडीगडलाच. बासष्ट वर्षं. टीव्हीवर विमानांवर पाण्याचे फवारे सोडले तेव्हा हे उठून गॅलरीत गेले. त्याच आठवड्यात धाकट्या मुलानं फोनवर दोन मॉडेल्सचे फोटो पाठवले. "बाबा, कुठलं मागवू? वाढदिवसाची भेट." एकाची किंमत हजारभर कमी होती, रंगकामही जास्त उठावदार. मॉडेलवर खऱ्याच एखाद्या विमानाचा नंबर छापलेला असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. यांनी फोन डोळ्यांपाशी नेला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि शेपटीकडे पाहिलं. मग सांगितलं, "दुसरं मागव." मुलगा म्हणाला, "अहो बाबा, पहिलं स्वस्त आहे." हे म्हणाले, "पहिलं पडलं होतं. दुसरं शेवटपर्यंत सुखरूप उतरत होतं." पलीकडे मुलगा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग त्यानं विचारायला सुरुवात केली आणि यांनी सांगायला. फोन पावणेदोन तास चालला. माझी तुरीची डाळ करपली असती, पण मी त्या दिवशी गॅसच बंद करून ठेवला होता.

महावीर निर्वाणाचा लाडू चढवला, त्यानंतर चार दिवसांनी कुरिअर आलं.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येते. शास्त्रात निक्षेप सांगितलेत, नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. एखाद्या वस्तूत 'ही ती' अशी स्थापना केली की ती त्या वस्तूच्या जागी उभी राहते. आकार जुळत असेल तर तदाकार स्थापना, जशी जिनप्रतिमा. जुळत नसेल तर अतदाकार, जसा बुद्धिबळातला उंट. या न्यायानं आमचं मॉडेल म्हणजे मिगची तदाकार प्रतिकृती, अगदी रेघेरेघेनं. म्हणून 'ते नुसतं खेळणं आहे' असं म्हणून मला सुटता येत नाही. यशोधर राजाची कथा तुम्ही स्वाध्यायात ऐकली असेल. आईनं बळी द्यायचा आग्रह धरला, राजा जिवंत प्राणी मारायला तयार होईना, शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. नुसत्या पिठाच्या कोंबड्यासाठी मायलेकांना कितीतरी जन्म पशुयोनीत काढावे लागले. पीठ मेलं नव्हतं. मारायचा संकल्प झाला होता. आपल्या लेकरांच्या हातात पिस्तुलं देऊन "मर, मर" ओरडायला लावणाऱ्या घरांनी ही कथा जरा जास्त वेळा वाचावी. शस्त्रं, विष, आग असल्या गोष्टी दुसऱ्याच्या हाती देणं याला रत्नकरंड श्रावकाचारात हिंसादान म्हटलंय आणि ते अनर्थदंडात मोडतं.

मग शोकेसमध्ये विमान का? भाव मारण्याचा नाही म्हणून, हे उत्तर सोपं आहे आणि मला त्याचा भरवसा नाही. भाव शुद्ध ठेवून बटाटेवडे खाणारे मी पुष्कळ पाहिलेत. म्हणून मी एवढंच बघते की ते मॉडेल समोर आलं की घरात काय होतं. नातू पहिल्या दिवशी ते उचलून "ढिशूम" करत हॉलभर फिरला. हातातून काढून घेतलं आणि सांगितलं, पुन्हा असं दिसलं तर कपाटात जाईल. यांनी त्याला जवळ बसवून विमानाच्या नाकातला शंकू दाखवला. खऱ्या विमानात हा शंकू पुढे-मागे सरकतो, वेग वाढला की पुढे, म्हणजे इंजिनात हवा हवी तेवढी आणि हव्या त्या वेगानंच जाते. मॉडेलमध्ये तो सरकत नाही, याचं नातवाला आणि यांना सारखंच वाईट वाटलं. आता तो आला की शंकू, चाकं, पंखाच्या कडा यांचेच प्रश्न विचारतो. आणि एकदा त्यानं विचारलं, "आजोबा, यात बसलेला माणूस कुठे गेला?" मॉडेलमध्ये काचेखाली बोटाच्या पेराहून छोटा वैमानिक बसलेला आहे, तो काढता येतो. नातवानं काढून ठेवला होता. यांनी तो शोधून, चिमट्यानं परत बसवला. मगच जेवायला उठले.

एक वाद मात्र आमच्यात अजून मिटलेला नाही. डब्यात छोट्या पिशवीत क्षेपणास्त्रंही येतात, पंखांखाली लावायची. यांनी ती लावली नाहीत. नातू मागे लागला, तरी नाही. मी म्हटलं, "शस्त्र नको म्हणून काढून ठेवायचं आणि लढाऊ विमान मिरवायचं, हे नखं कापलेल्या वाघाचं चित्र लावण्यासारखं झालं. एक तर पूर्ण मान्य करा, नाही तर ठेवूच नका." यांचं उत्तर असं की ओझरहून विमान जायचं तेव्हा ते असंच जायचं. क्षेपणास्त्रं तळावर लागायची, कारखान्यात नाही. "मी पाहिलेलं विमान हे असं आहे. मी न पाहिलेलं कशाला लावू?" उत्तर खरं आहे. पण डिलिव्हरी चलन फाडलं की पुढच्याशी आपला संबंध संपला, असं व्यापारी म्हणतात तेव्हा मला जसं वाटतं तसंच तेव्हाही वाटलं. तसं बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, "संबंध संपला असता तर नंबर कशाला पाठ राहिले असते?" पिशवी अजून डब्यातच आहे.

डब्यावरून आठवलं. मॉडेल जमवणाऱ्यांचं एक वेगळंच शास्त्र आहे. मर्यादित नग काढतात, डब्यावर क्रमांक असतो, आणि डबा न उघडता ठेवला तर पुढे किंमत जास्त येते म्हणे. मुलाचा मित्र म्हणाला, "काकू, उघडायला नको होतं." म्हणजे विमान घ्यायचं, पण बघायचं नाही! मी वाणिज्याची पदवीधर आहे, साठ्याचं मूल्य खरेदी किंमत किंवा बाजारभाव यांत जे कमी ते धरायचं हे शिकलेय. न उघडलेल्या डब्याकडे बघून मनात रोज नफा मोजायचा, यालाच तर आपल्यात आसक्ती म्हणतात, आणि परिग्रह म्हणजे वस्तू नव्हेच, ही आसक्तीच. शिवाय जस्ताचाही भरवसा नाही. १९३० च्या सुमाराची जुनी धातूची खेळणी आज कितीतरी ठिकाणी भेगा पडून भुगा होताना दिसतात. जस्तात शिसं मिसळलं गेलं की हळूहळू आतून तो रोग लागतो आणि त्यावर औषध नाही. आता शुद्ध जस्त वापरतात म्हणून नव्या मॉडेल्सना ती भीती कमी. तरी पुद्गल ते पुद्गलच.

बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी परिग्रह-परिमाण व्रत घेतलं, माताजींच्या समोर. तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. शेत, घर, चांदी, सोनं, पशुधन, धान्य वगैरे शीर्षकं, प्रत्येकाची मर्यादा आणि समोर नोंद. नवी वस्तू आली तर त्या खान्यातली एक जुनी जायला हवी, हा आमचा घरगुती नियम. मॉडेल आलं तेव्हा प्रश्न पडला की हे टाकायचं कुठल्या खान्यात. सरकारच्या दृष्टीनं ते खेळणंच. कस्टमच्या ९५०३ क्रमांकाच्या शीर्षकात बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि प्रमाणबद्ध छोटी मॉडेल्स एकत्र आहेत, आणि खेळण्यांवरची मूळ आयात ड्यूटी २०२३ पासून सत्तर टक्के आहे. किंमत एवढी का, ते यावरून कळलं. पण आमच्या वहीत खेळण्यांचा खाना नाही. शेवटी 'कुप्य' उघडलं. कुप्य म्हणजे कुणी कापडचोपड म्हणतं, तर कुणी सोन्या-चांदीखेरीज इतर धातू असा अर्थ करतं. मी दुसरा अर्थ धरला. जस्त आहे ना.

कुप्यातून बाहेर काय जाणार, हे यांनी स्वतःच ठरवलं. निवृत्तीच्या वेळी मिळालेली पितळी समई आणि दोन जुनी घड्याळं मंदिराच्या भांडारात दिली. सोबत मुलाला कळवलं, दुसरं मॉडेल पाठवू नकोस. त्याच्या मनात मिग-२७ आणि बायसन असे आणखी दोन होते, 'सेट पूर्ण' करायला. हे म्हणाले, "सेट माझा पूर्ण आहे."

एक गंमत सांगायची राहिली. वही लिहिता लिहिता सहज ५७ फुटांना बहात्तरनं भागलं. उत्तर आलं साडेनऊ इंच. उठून फूटपट्टी लावली, तर आमचे श्रवणबेळगोळचे बाहुबली नऊ इंच आणि वर दोन रेघा! म्हणजे आमच्या शोकेसमध्ये बाहुबली आणि मिग जवळपास एकाच प्रमाणात उभे आहेत. गावात दोघं खरोखर शेजारी उभे केले तर विमान बाहुबलींच्या मांडीच्याही खाली राहील, एवढं यावरून कळतं. शोकेसमधली ती मूर्ती प्रतिष्ठित नाही, दुकानातून आणलेली आहे, म्हणून तिची पूजा होत नाही. तरी हे रोज सकाळी मंदिरात जाण्याआधी त्या कपाटासमोर क्षणभर थांबतात. वरच्या कप्प्यासाठी थांबतात की खालच्या, ते मी विचारलेलं नाही.

वहीतली नोंद मी पौषात पूर्ण केली. "कुप्य, धातूचं विमान, १ नग, मुलाकडून भेट." रकमेच्या रकान्याशी हे म्हणाले, "ते कोरं ठेव, विकायचं थोडंच आहे." मी मुलाला फोन करून बिलाची रक्कम विचारली, ड्यूटीसकट, आणि लिहून टाकली. कॉमर्सवालीला कोरा रकाना चालत नाही.